सहा नंबरचा खड्डा

परभणी,
६ मे १९५७

दादा आणि वैनी,

पाया पडतो.

राईभवती तार मी लावली न्हाई. हे आधी सांगतो, कारण तू गुरुजींकडून लिहून घेतलेल्या कार्डात एकच ओळ होती: "मुंजाजी म्हणतो, चंद्रभानच्या दप्तरानं राई बंद केली." दप्तर माझं न्हाई, दादा. मी तिथला माती चाळणारा माणूस. हुकूम वरून येतो. आपला मुलूख मुंबई राज्यात गेल्यापासून तर लयच वरून येतो.

आपला बाप त्या राईत बसायचा, त्याचा बाप बसायचा, शिमगा झाला की मिरगापर्यंत मेंढ्या तिथंच, बाभळीच्या शेंगा खायला आन सावलीला. हे मला काय सांगायचं? मी तिथंच रांगायला शिकलो. आता चारी अंगानं परभणी वाढायली आन मधी तेवढंच रान उरलंय, म्हणून सरकारला त्याची काळजी लागली. एवढंच असंल.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी शिपायांनी मेंढ्या बाहेर काढल्या हे मला मागून कळलं. मी त्या दिवशी कामानं दुसऱ्या तालुक्याला गेलतो.

माझं काम तुला एकदा सांगितलं होतं तर तू हसलास. म्हणलास, "किडे मोजायला पगार देतेत? मंग आपल्या मेंढ्यांच्या गोचिडाला तर तहसीलदारच नेमतील." तेच काम हाय अजून. राईत आठ खड्डे. हातभर लांब, हातभर रुंद, वीतभर खोल. ती माती पांढऱ्या फडक्यावर पसरायची, हलंल ते चिमट्यानं उचलायचं आन मोजायचं. गांडूळ किती, गोम किती, वाणी किडे किती, मुंग्या, वाळवी, हुमणी. डोळ्याला दिसत न्हाईत असे बारके असतात त्यांच्यासाठी पत्र्याचं नरसाळं. त्यात माती टाकून वर दिवा लावायचा. उजेडाला भिऊन ते खाली खाली सरकतात आन बुडाच्या बाटलीत पडतात. कोणत्या महिन्यात मातीत किती जीव, एवढंच मी लिहितो. माझ्या किड्यांचा आन तुझ्या मेंढ्यांचा काय संबंध?

मेंढ्या कुठं हायत? जिंतुराकडं नेऊ नको, तिकडं पाणी न्हाई म्हणतेत.

तुझा
चंद्रभान

———

गुरुजी, ह्या रेघेखालचं मनातल्या मनात वाचा. बाजाराच्या दिवशी तुमी शाळेच्या ओट्यावर पत्र वाचून दाखवता आन अर्धं झरी गाव भवती बसतं, हे मला म्हायती हाय. वाचताना तुमचे ओठ हलतात, पुटपुट होते. म्हणून दादाच्या डाव्या अंगाला बसा. त्या कानानं त्याला ऐकू येत न्हाई.

दादाच्या वतीनं तुमी तहसिलीत दरखास्त लिहायलात असं कळलं. त्यात माझं नाव घालू नका. आमच्या साहेबाला तो माझा भाऊ हाय हे म्हायती न्हाई. का न्हाई, ते इचारू नका.


परभणी,
१५ मे १९५७

दादा,

हुकुमाची नक्कल गुरुजींनी काढली म्हणे. त्यात लिहिलंय की मेंढ्यांच्या बसण्यानं राईतली माती मेली, तिच्यात जीव उरला न्हाई. आन तू कार्डात इचारलंस, "मोजली कोणी?"

मी मोजली.

पण नीट ऐक. श्रावणात एका खड्ड्यात साठ-सत्तर जीव निघतात. गांडुळं तर अशी की फडकं ओलं होतं. दिवाळीला चाळीस. संक्रांतीला वीस-पंचवीस. शिमग्याला दहा. चैत्र-वैशाखात तीन न्हाई तर चार. हे मेंढ्या बसल्या तिथंबी आन न बसल्या तिथंबी. जीव मरत न्हाईत, खाली जातात. ऊन चढलं की माणूस सावली बघतो, त्यांची सावली खाली हाय. हे सगळं माझ्या वहीत हाय. साहेबानं त्यातला उन्हाळा तेवढा उचलला. ह्यात माझी चूक एवढीच, की मी वही दिली.

वैनी दप्तरात आल्ती म्हणे. मी तवा राईत कामावर होतो, म्हणून भेट झाली न्हाई. भाकरी आन ठेचा मिळाला. ठेच्यात तिळकूट जास्त होतं, मला आवडतं तसं. वैनीला सांग.

चंद्रभान

———

गुरुजी, रेघेखालचं वाचू नका. डावं अंग.

मी राईत न्हवतो. दप्तरातच होतो. मागं एक खोली हाय, बाटल्यांची. वर्षभराचे जीव तिथं स्पिरिटात ठेवलेत, चिठ्ठ्या लावून. वैनीचा आवाज आला आन मी त्या खोलीत शिरलो, दार ओढून घेतलं. पुण्याकडचे दोन नवे कारकून बाहेरच्या खोलीत बसतात. मी "हाय" म्हणलं की एकमेकाकडं बघतात.

दारातून सगळं ऐकू येत होतं. वैनी आमच्या आश्रुबा शिपायाला म्हणली,

"भाऊ, आमचा चंद्रभान कुठं बसतो?"

"कोण चंद्रभान?"

"उंच हाय. बारीक. कपाळावर मेंढ्यानं धडक दिल्याली खूण हाय."

आश्रुबाला कळलं. तो हळूच म्हणला, "बाहीर गेलेत."

"बाहीर? मंग ही सायकल कोणाची? ह्या सायकलीसाठी म्या माझ्या हातानं सात शेरडं बाजारात वढत नेल्यात, ती मला वळकू येणार न्हाई का?"

एक कारकून हसला. वैनी त्याला म्हणली, "हस बाबा, दात चांगले हायत तुजे." मग पदराचं गाठोडं सोडल्याचा आवाज आला.

"ह्या भाकरी त्याला दे. आन म्हणावं, वीतभर खणून काय घावतंय? हातभर खण म्हणावं. आमचा रांजण कुठं पुरला होता, इसरला का?"

ती गेल्यावर मी अर्धा तास तिथंच उभा होतो. समोरच्या बाटलीत श्रावणातली गोम होती. मी तिचे पाय मोजत होतो. मोजायची सवय लागलीय, दुसरं काय.


परभणी,
२४ मे १९५७

गुरुजी,

हे पत्र आलंच न्हाई असं दादाला सांगा. ह्यात रेघ न्हाई, कारण वरचं काहीच न्हाई.

तुमचं कार्ड काल मिळालं. जिंतूरच्या वाटेवर अकरा मेंढ्या गेल्या. वैनीची पांढरी शेळीबी. तुमी पुढं लिहिलंत: "मुंजाजी काही बोलत नाही. मेलेल्या मेंढीची लोकर कातरत बसतो." त्यानंतर मला जेवण गेलं न्हाई हे लिहायला बसलो होतो, पण ते खोटं हाय. गेलं. दोन भाकरी गेल्या. म्हणून आता खरंच लिहितो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की साहेबानं वहीतला उन्हाळा तेवढा उचलला. तसं न्हाई. उन्हाळ्यात मोजणी दर पंधरवड्याला असते. एक ते पाच नंबरचे खड्डे तळ्याच्या अंगाला, तिथं मेंढ्या जात न्हाईत. सहा, सात आन आठ मेंढ्यांच्या तळावर. शिमगा सरल्यावर तीन पंधरवडे मी पहिले पाच खणले. खरंच खणले. कुठं तीन जीव, कुठं चार. सहा, सात, आठ मी खणलेच न्हाईत. दप्तरात बसून वहीत लिहिलं: निरंक. तीन खड्डे, तीन खेपा. नऊ शून्यं.

का, ते सांगायला मी तीन कागद फाडले.

साहेब नोव्हेंबरात पुण्याहून आले. पहिल्याच दिवशी इचारलं, "घरचं काय?" मी म्हणलो, बागायत. का म्हणलो देव जाणे. तोंडातून गेलं. मग ते दर वेळी इचारायचे, "काय, यंदा ऊस कसा आहे?" आन मी ऊस सांगायचो. गुरुजी, मी त्यांना उसाचा फुटवा सांगितलाय, पाण्याच्या पाळ्या सांगितल्यात. आमच्या घरात ऊस फक्त लग्नात आला.

शिमगा झाला, आन मी साहेबाबरोबर राईत चाललो होतो. लांबून बघितलं, तळ पडला होता. दादा काठीला टेकून उभा. वैनी चिंचेखाली रांजण पुरायलेली, कमरेपासून वाकलेली. सहा नंबरच्या खुंटीपासून पाच पावलं. आणखी शंभर पावलं गेलो असतो तर दादा तिथूनच ओरडला असता, "आरं चंद्रभान आला गं!" त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळ्यांशी ओरडूनच बोलतो. घोंगडं घेऊन आला असता, मला पोटाशी धरलं असतं. माझा बुशशर्ट पांढरा होता.

मी साहेबाला म्हणलो, "तिकडचे तीन सकाळीच झाले."

"काय निघालं?"

"काही न्हाई, साहेब."

गुरुजी, खोटा आकडा लिहायला मला लाज वाटली असती. पाच लिहिला असता तर तो पाच मला रोज दिसला असता. शून्य खोटा वाटत न्हाई. शून्य लिहिलं की काही लिहिलंच न्हाई असं वाटतं.

साहेबाला मात्र तेच पाहिजे होतं. तारेची बंडलं आधीच येऊन पडली होती, राई बंद करायला कारण तेवढं मिळत न्हवतं. "पहा," म्हणले, "मेंढ्या नाहीत तिथं तीन-चार तरी. मेंढ्या आहेत तिथं शून्य. ह्याहून स्वच्छ पुरावा कोणता?" आन माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं होतं, हेबी लिहून ठेवतो.

रांजणाचं वैनी बोलली ते तुमाला कळलं नसंल. दर उन्हाळ्याला आमी पाण्याचा रांजण गळ्यापर्यंत मातीत पुरतो, पाणी गार ऱ्हातं. मिरगाला तळ उठताना तो वर काढायचा. त्याच्या बुडाला, त्या गारव्याला, सगळ्या रानाचे जीव येऊन चिकटलेले असायचे. ते काटकीनं काढायचं काम लहानपणी माझं. गांडुळं दादाला नदीवर गळाला लागायची. तांबडा मखमली मिरगाचा किडा वैनी माझ्या तळहातावर ठेवायची, म्हणायची, "ह्यो बग, ह्यो खाली झोपलाय. वर आला की पेरणी."

म्हंजे वैशाखात खाली काय असतं हे मला सहा वर्षांचा असल्यापासून म्हायती होतं. बी.एस्सी. मागून झालो.

हे कोणाला वाचून दाखवू नका.

चंद्रभान


परभणी,
५ जून १९५७

गुरुजी,

तुमी लेकीकडं पालमला होता, म्हणून परवा काय झालं ते सांगतो. तुमच्या दरखास्तीवर तहसीलदार मौका बघायला राईत आले. आमचे साहेब, मी, आश्रुबा, नगरपालिकेचे दोघं पंच. तारेच्या बाहेर दादा, वैनी आन झरीचे आणखी चार धनगर. दादानं पटका नवा बांधला होता. मी त्याच्याकडं बघितलं न्हाई. तो माझ्याकडंच बघत होता.

साहेबानं माझी वही उघडून दाखवली. तहसीलदारांनी नऊ शून्यं बोटानं मोजली. मग धनगरांना म्हणले, "तुमचं काय म्हणणं?"

दादा ओरडून म्हणला, "सरकार, आमी काय म्हणणार? आमचं म्हणणं मेंढ्यांच्या पोटात हाय, ते उपाशी हाय."

लोक हसले. वैनी पुढं आली. "सायेब, तुमची लिखापढी व्हऊ द्या. आमचा रांजण आतच ऱ्हायला. घाईत काढता आला न्हाई. तेवढा काढू द्या."

तारेचं फाटक उघडलं. वैनी आन दादा चिंचेखाली बसले आन हातांनी माती उकरायला लागले. मी पाच पावलांवर, सहा नंबरच्या खुंटीजवळ. दादानं रांजण मिठीत धरून हलवला आन वर ओढला. महिना झाला पाणी भरून, पण बूड अजून ओलं होतं. वैनीनं तो आडवा केला.

गुरुजी, बूड दिसत न्हवतं. गांडुळं एकमेकांत गुंतलेली, वाणी वेटोळं करून, पांढऱ्या हुमण्या, मुंग्यांची रांग, नाव न्हाई असे बारके पांढरे उड्या मारणारे. आन कडेला एक तांबडा. मिरगाचा. मिरगाला अजून चार दिवस होते.

वैनी म्हणली, "ही बगा तुमची मेल्याली माती."

तहसीलदार वाकून बघायला लागले. मला वाटलं, झालं, सुटलो. माझ्यावर काही न येता सुटलो. गुरुजी, माझ्या मनात पहिलं हेच आलं.

साहेब शांतपणे म्हणले, "हा रांजण पाझरतो. ओल आहे म्हणून जीव आहेत. एका ओल्या जागेवरून अख्ख्या राईचं काही सिद्ध होत नाही. आमच्या माणसानं तीन वेळा खणून नोंद केली आहे." मग माझ्याकडं वळले. "काय रे, खणलंस ना?"

हे बरोबरच होतं त्यांचं. रांजणानं काही सिद्ध होत न्हवतं. सिद्ध करायचं ते माझ्या तोंडात होतं.

मी म्हणलो, "होय साहेब."

मग दादा बोलला. नेहमीसारखा ओरडून न्हाई. हळू बोलला, आन त्याला हळू बोलायची सवय न्हाई म्हणून आवाज फाटला. "त्यानं खणलंय तर खरंच असंल, सरकार. त्यो माझा धाकटा हाय. आमच्या घरचा हाय. खोटं लिव्हणार न्हाई."

साहेब माझ्याकडं बघत ऱ्हायले. तहसीलदारांनी कागदावर काहीतरी लिहिलं आन म्हणले, पंधरा तारखेला निकाल.

सगळे निघाले. वैनी मागं ऱ्हायली. तिनं रांजणाच्या बुडावरचे जीव एक एक करून पुन्हा खड्ड्यात सोडले, वर माती ढकलली, तळहातानं दाबली. म्हणली, "जावा बाबांनो. घरी जावा." माझ्याकडं तिनं बघितलं न्हाई. दादा रांजण खांद्यावर घेऊन बाहेर उभा होता. आश्रुबानं फाटक लावलं.

दप्तरात आल्यावर साहेब एवढंच म्हणले, "ऊस कसा आहे?"


परभणी,
११ जून १९५७

दादा, वैनी,

ह्या पत्रात रेघ न्हाई.

काल मी तहसिलीत जबाब लिहून दिला. त्यात काय लिहिलं ते इथं सांगतो, म्हंजे ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना कळंल. सहा, सात, आठ नंबरचे खड्डे मी शिमग्यापासून एकदाबी खणले न्हाईत. नऊ शून्यं मी दप्तरात खुर्चीवर बसून लिहिली. माती मेली न्हाई. त्या शून्यांवर तार लागली.

नुसतं एवढ्यावर कोणी ऐकलं नसतं, म्हणून आठ आन नऊ तारखेला आश्रुबाला आन त्या दोन पंचांना घेऊन मी खणायला बसलो. वीतभर न्हाई, वैनी म्हणली तसं हातभर. रांजणाच्या जागेपासून लांब, सातव्या आन आठव्या खुंटीला. वरच्या वीतभर मातीत दोन मुंग्या. खाली गेल्यावर सातव्यात एकेचाळीस जीव, आठव्यात सदतीस. मग तळ्याच्या अंगाचा दोन नंबरचा खणला, तिथं मेंढ्या कधीच बसल्या न्हाईत. एकोणचाळीस. पंचांनी अंगठे केलेत. वाळल्या मातीत एवढं खणायला मला दोन दिवस लागले, हाताला फोड आले. फोडाचं सांगतोय ते कीव यावी म्हणून न्हाई. दादा, तू आन वैनी दर साली तेवढा खड्डा एका सकाळी काढता.

साहेब म्हणले, "तुला समजतं का तू काय करतोयस?" मी म्हणलो, समजतं. त्यांनी किल्ल्या मागितल्या, बाटल्यांच्या खोलीचीबी. घरी बसायचा हुकूम परवापर्यंत येईल.

राई उघडंल का न्हाई, मला म्हायती न्हाई. तहसीलदार म्हणले, पंधरा तारखेचा निकाल थांबवतो, नवा माणूस वर्षभर मोजंल, मग बघू. म्हंजे पुढच्या शिमग्याला तुमी जाऊ शकाल का, हे पुढच्या शिमग्यालाच कळंल. गेलेल्या अकरा मेंढ्या आन पांढरी शेळी त्यात येत न्हाई. ती कोणत्याच वहीत येत न्हाई.

आता आधीच्या पत्रांतलं खोटं एक एक.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला न्हवतो. दप्तरात खिडकी लावून बसलो होतो. तरी घंटी ऐकू आली. काळ्या मेंढीच्या गळ्यातली, बापानं आणलेली, जिच्या आतला लोलक जरा तुटलाय. मी ती ओळखली. ती स्टेशनच्या वाटेनं लांब जाईपर्यंत ऐकली.

वैनी आली तवा मी राईत न्हवतो. दाराच्या मागं होतो, वैनीपासून चार हात लांब. सायकल माझीच होती. ठेचा खाल्ला.

तुमी शेरडं विकून मला शिकवलं आन मी साहेबाला सांगितलं, आमची बागायत हाय.

हे सगळं मी आधी गुरुजींना लिहिलं होतं आन तुमाला वाचून दाखवू नका म्हणलो होतो. गुरुजींवर रागवू नका. त्यांनी माझी लाज झाकली, ती झाकायला मीच सांगितलं होतं.

दादा, मौक्यावर तू सगळ्यांसमोर म्हणलास, आमच्या घरचा हाय, खोटं लिव्हणार न्हाई. तेवढं एक परत घे. झरीच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर. मला घरी बोलवू नको, कार्ड पाठवू नको, पण तेवढं परत घे. ते माझ्याच्यानं उचलत न्हाई.

चंद्रभान

गुरुजी, आज रेघ न्हाई हे तुमी बघितलंच असंल. तुमच्या स्वभावाप्रमाणं तुमी एखादी ओळ गाळाल, आवाज बारीक कराल. करू नका. बाजार भरू द्या, लोक जमू द्या. आन दादाच्या उजव्या अंगाला बसून वाचा.